पिन

अकरा गळीत हंगाम झाले माझे.
मंद्रूपच्या फडापासून कारखान्याच्या काट्यापर्यंत
दोन-दोन ट्रॉल्या ओढल्या,
मागं काय चाललंय ते न बघता.
आणि यंदा बॉयलर पेटायच्या आधी
चिटबॉयनं निरोप आणला :
दोन दिवस ट्रेनिंग. नाही आलास तर खेप नाही.

रिकामं केन यार्ड.
फक्कीच्या रेघा, रंग उडालेले ऑइलचे डबे,
आणि बाभळीखाली खुर्ची टाकून बिराजदार मास्तर.
डाव्या हाताला तीनच बोटं.
"कुणाकुणाला चालवता येतं?"
चौदाच्या चौदा हात वर. हसलो पण.
"आणि थांबवता?"

मी चुलत्याच्या मडगार्डवर बसून शिकलो.
त्यानं क्लच शिकवला, तास सरळ धरायला शिकवलं,
गाणं मोठं लावायला शिकवलं.
लायसनच्या दिवशी साहेबानं
नुसत्या ट्रॅक्टरनं आठाचा आकडा काढून घेतला.
ट्रॉलीचं त्यानं विचारलं नाही,
मीही सांगितलं नाही.

"रिव्हर्समधे ट्रॉली डावीकडं पाहिजे,
तर स्टिअरिंग उजवीकडं. थोडंसंच.
निधान, तम्मा, निधान.
आणि वळली की लगेच तिच्या मागं जा,
नाहीतर तुझी घडी घालंल ती,
कपाटात ठेवायच्या चादरीसारखी."
अकरा वर्षांचा ड्रायव्हर मी,
तिसरा डबा आडवा केला.
मग चौथा.
पोरं शिट्ट्या मारत होती.
माझे हात अजून डावीकडं म्हणजे डावीकडंच समजत होते.

दुपारी कडक भाकरी, शेंगाचटणी.
मास्तरांनी एक फळी दगडावर तिरकी ठेवली,
स्वतःच्या जेवणाच्या डब्याला दोरीनं
पाण्यानं भरलेला तांब्या बांधला
आणि डबा हळूहळू उताराला लावला.
दोरी सैल पडली.
तांब्या घसरत आला, डब्याच्या पाठीत बसला,
चटणी सगळी फळीवर.
"डिझेल वाचवायला उतारावर न्यूट्रल कोण करतं?"
कुणी हात वर केला नाही.
चौदाही जण चटणीकडं बघत होतो.
"चढावर ती तुझ्या मागं असते," मास्तर म्हणाले,
"उतारावर ती तुझ्या मागं लागते.
गिअर वरच टाकायचा. खाली आल्यावर नाही."

दुसऱ्या दिवशी हूक, साखळी, पिन.
पिनीला खालून क्लिप. साखळी आडवी-तिडवी, एक कडी ढिली.
लाल रिफ्लेक्टर चिखलातून पुसून काढायचे,
लोंबणारा ऊस त्यांच्यावर येऊ द्यायचा नाही.
मधेच मास्तर आपल्या हाताकडं न बघता म्हणाले,
"पिन हरवली होती. सळईचा तुकडा घातला होता.
मीच घातला होता.
बोटं गेली ती माझी.
पण मागनं सायकलवर एक जण..."
आणि खाली वाकून
आधीच घट्ट असलेली क्लिप
परत घट्ट करत बसले.

पहिली खेप. रात्रीचे अडीच.
वडकबाळच्या पुलाआधी, उतार सुरू व्हायच्याही आधी
मी दुसरा गिअर टाकला आणि स्पीकर बंद केला.
किन्नर जागा झाला. सिद्राम, सतरा वर्षांचा,
माझ्यासारखाच मडगार्डवर.
"गाणं का बंद केलं, अण्णा?"
"ऐकतोय."
"काय?"
"मागचं."
साखळी बोलत होती. कडी, कडी, मग गप्प.
मागनं एका गाडीचा उजेड आला,
बराच लांब असतानाच मंद झाला.

पुलापलीकडं कडेला घेतलं.
टायरांना दगड लावले, टॉर्च सिद्रामच्या हातात दिली.
"इथं धर. आणि नुसतं धरू नको, बघ."
दोन ट्रॉल्यांच्या मधल्या अंधारात हात घातला.
पिन गरम लागली.
जागेवर होती.